बेत म्हणजे घर

बेथलेहेम हे नाव आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असते. येशू ख्रिस्ताचा जन्म तिथला, एवढे आपण सांगू शकतो. पण या नावाचा अर्थ काय, असं कुणी विचारलं तर? हिब्रू भाषेत 'बेत' म्हणजे घर आणि 'लेहेम' म्हणजे भाकर. भाकरीचे घर ते बेथलेहेम. आता मौज अशी की, हिब्रू वर्णमालेतल्या दुसऱ्या अक्षराचे नावही बेतच आहे. आपल्या 'ब'सारखा त्याचा उच्चार. वर छप्पर, खाली जमीन, उजवीकडे भिंत आणि डावी बाजू मोकळी, असा त्याचा आकार. हिब्रू लिपी उजवीकडून डावीकडे जाते. म्हणजे वाचणारा ज्या दिशेने पुढे निघालेला असतो, त्या दिशेला या घराचे दार उघडे. ज्यू लोकांचा जो मुख्य धर्मग्रंथ तोरा, त्याचा आरंभ याच अक्षराने होतो, आणि लेखनिक ते बाकीच्या अक्षरांपेक्षा मोठे काढतात.

घर हा शब्द मी मुद्दाम आधी घेतला. आज ज्या चित्रकर्तीची ओळख तुम्हाला करून द्यायची आहे, त्यांनी आपल्या एका मोठ्या चित्रमालिकेला नाव दिले आहे 'घराचा शोध'. त्यांचे नाव सिओना बेंजामिन. जन्म १९६० सालचा, मुंबईचा. सर ज. जी. कलाशाळेत त्या शिकल्या, १९८६ साली अमेरिकेत गेल्या, तिथे चित्रकलेची आणि मागाहून नाट्यनेपथ्याची अशा दोन उच्च पदव्या त्यांनी घेतल्या, आणि न्यू जर्सी राज्यात त्या स्थायिक झाल्या. त्या आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल समाजाच्या. 'बेने इस्रायल' याचा अर्थ इस्रायलची मुले. त्यांच्या कामात सोन्याचा वर्ख आहे, निळ्या अंगाच्या स्त्रिया आहेत आणि हिब्रू अक्षरे आहेत. ही अक्षरे तिथे का आली आणि कुठून आली, हे नीट कळायचे तर चित्रांकडे जाण्यापूर्वी थोडे मागे जायला हवे.

आधी अक्षरांचेच पाहू. हिब्रू वर्णमालेत अक्षरे अवघी बावीस. ती प्रामुख्याने व्यंजने. स्वर दाखवायचे ते अक्षरांच्या खाली-वर बारीक टिंबे आणि रेघा देऊन. आणि तोराच्या हस्तलिखितात तेही देत नाहीत. म्हणजे ज्याला पाठ आहे, ज्याने गुरूच्या तोंडून ऐकले आहे, त्यालाच ते बिनचूक वाचता येते. प्रत्येक अक्षर हा आकडाही असतो. आलेफ म्हणजे एक, बेत म्हणजे दोन. 'हाय' म्हणजे जिवंत या शब्दातल्या दोन अक्षरांची बेरीज अठरा होते, म्हणून अठरा हा आकडा ज्यू घरांत शुभ. आणखी एक गोष्ट मराठी माणसाला जवळची वाटेल. लेखनिक कातड्यावर आधी शाई न लावता रेघ आखून घेतो आणि अक्षरे त्या रेघेखाली लिहितो. आपली देवनागरी शिरोरेघेला लोंबते, तशीच हिब्रू अक्षरे न दिसणाऱ्या रेघेला लोंबतात. हे साम्य योगायोगाचे म्हणा. पण नाते अगदीच नाही असेही नाही. आज रूढ असलेली चौकोनी हिब्रू लिपी अरमाईक लिपीतून आली. आणि आपल्या नाशिकच्या पांडवलेण्यांत भिंतींवर जी ब्राह्मी कोरलेली आहे, तिच्याही मुळाशी अरमाईकचा संस्कार असावा असे अनेक विद्वान मानतात. सगळ्यांना ते मान्य नाही. पण ते खरे असेल, तर गौतमी बलश्रीच्या लेखातली अक्षरे आणि तोरातली अक्षरे ही दूरची भावंडे ठरतात.

ज्यू धर्मात मूर्तिपूजेला सक्त मनाई. दहा आज्ञांपैकी एका आज्ञेनेच ती घातलेली. देवाची प्रतिमा करायची नाही, आणि देवाचे चार अक्षरी नाव लिहिले तरी उच्चारायचे नाही. मग कारागिराच्या हातातली हौस जाणार कुठे? ती अक्षरांत गेली. प्रार्थनामंदिराच्या भिंतीवर, लग्नाच्या करारपत्रावर, तोराच्या मखमली आच्छादनावर अक्षर हीच नक्षी झाली. मध्ययुगातल्या लेखनिकांनी तर मुंगीएवढ्या अक्षरांच्या ओळी वळवून वळवून त्यांतून फुले, पक्षी, कमानी उभ्या केल्या. दुरून पाहावे तर चित्र, जवळ जावे तर मजकूर.

तोरा लिहिणे हे तर व्रतच. हाताने, पिसाच्या लेखणीने, कातड्यावर. अक्षरे तीन लाखांहून अधिक. त्यांतले एक जरी गाळले वा बिघडले, तरी दुरुस्त होईपर्यंत ती गुंडाळी वाचनाला चालत नाही. एका अक्षराचे एवढे काय, असं तुम्ही म्हणाल. त्यावर एक जुनी कथा सांगतात. एका धर्मगुरूने मातीचा पुतळा केला आणि त्याच्या कपाळावर 'एमेत' हा शब्द लिहिला. एमेत म्हणजे सत्य. पुतळा चालू लागला. पुढे तो आवरेना, तेव्हा गुरूने त्या शब्दातले पहिले अक्षर आलेफ पुसले. उरले 'मेत'. मेत म्हणजे मेलेला. पुतळा पुन्हा माती झाला. जगाची घडण या बावीस अक्षरांतून झाली, असे सांगणारा एक प्राचीन ग्रंथच ज्यू गूढविद्येत आहे. आपल्याला हे परके वाटायचे कारण नाही. ज्ञानेश्वरांनी ग्रंथारंभी ॐकाराच्या मात्रांत गणेशाचे पाय, पोट आणि मस्तक पाहिले. अक्षरातून रूप उभे करण्याची ही तऱ्हा आपल्या घरचीही आहे.

आता कोकणात येऊ. बेने इस्रायल लोकांची परंपरा अशी की, फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटले, आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. जवळचे सगळे समुद्रात गेले, ग्रंथही गेले. वाचलेले लोक गावोगाव पांगले आणि घाण्यावर तेल गाळू लागले. शनिवारी, म्हणजे शब्बाथाच्या दिवशी, ते घाणा बंद ठेवीत, म्हणून लोकांनी त्यांना नाव दिले शनवार तेली. गावांवरून आडनावे पडली : केहिमकर, राजपूरकर, दिवेकर, अष्टमकर, नवगावकर. भाषा मराठी, नेसणे लुगडे, जेवण भात-मासळीचे. मग वेगळे ते काय उरले? सुंता उरली, शनिवार उरला, खवले नसलेला मासा न खाण्याचा नेम उरला, आणि एक प्रार्थना उरली : 'शेमा', देव एकच आहे असे सांगणारी. बारसे असो, लग्न असो की मरण, ती एकच म्हणायची.

नीट विचार करा. ज्या धर्मात एका अक्षराच्या चुकीने ग्रंथ बाद होतो, त्या धर्माचे हे लोक शतकानुशतके अक्षरांवाचून राहिले. अक्षर गेले, पण उच्चार राहिला. सणांची हिब्रू नावे विसरली, तर त्यांना मराठी नावे मिळाली. वर्षारंभाचा तो 'नव्याचा सण'. कडक उपासाचा, घरात कोंडून घेण्याचा तो 'दारफाळणीचा सण'. आणि पुरीम हा सण होळीच्या सुमारास येतो, म्हणून तो 'होळीचा सण'. एलियाहू पैगंबराच्या नावाने पोहे, नारळ, साखर आणि फळे घालून 'मलिदा' करायचा. अलिबागजवळच्या खंडाळा गावी एका खडकावर एलियाहूच्या रथाची खूण आहे अशी त्यांची श्रद्धा. तिथे नवस फेडायला लोक जातात. धर्म परदेशचा खरा, पण तो बोलत होता कोकणी माणसाच्या तोंडाने.

अक्षरे परत आली ती अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत. १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत मांडवीला या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले, 'शार हारहामिम', म्हणजे दयेचे द्वार. मग कोचीनहून ज्यू शिक्षक आले. ते घरोघरी हिब्रू वाचायला शिकवू लागले. मिशनरींनी शाळा काढल्या. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरणच छापले. मिशनरींचा हेतू धर्मांतराचा होता. पण बेने इस्रायलांनी त्यांच्याकडून विद्या घेतली आणि धर्म आपलाच ठेवला. १८४६ साली मुंबईत वल्हांडण सणाचा ग्रंथ, 'हगादा', हिब्रू आणि मराठी अशा दोन्ही लिपींत शिळाप्रेसवर छापला गेला. १८७४ साली पुण्यात तोच ग्रंथ पुन्हा निघाला, आणि त्यात बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका चितारलेल्या आहेत. त्या लुगडी नेसून बसल्या आहेत. मूळ गोष्ट मिसर देशातून सुटका झाल्याची, आणि भाकऱ्या करणाऱ्या बायका मात्र आपल्या शेजारच्या! जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी (१८३४–१९०५) मुंबईत शाळेचे मुख्याध्यापक असताना हिब्रू प्रार्थनांची आणि इतर ग्रंथांची एकामागून एक मराठी भाषांतरे केली. १८८० पासून तर या समाजात कीर्तनेही होऊ लागली. अब्राहामाची आणि योसेफाची आख्याने, आणि चाल साकी-दिंडीची.

हे एवढे विस्ताराने सांगितले, कारण सिओना बेंजामिन यांच्या चित्रांत जे दिसते त्याचे बीज इथे आहे. युरोपातल्या ज्यू चित्रकाराला हिब्रू अक्षर वाडवडिलांकडून अखंड मिळालेले असते. बेने इस्रायलाला ते एकदा हरवून पुन्हा मिळाले आहे, आणि मिळाले तेव्हा ते देवनागरीच्या शेजारी बसून मिळाले. म्हणून त्याच्या हातून ते एकटे येत नाही. त्याच्याबरोबर लुगडे येते, कमळ येते, मोर येतो.

सिओनाबाईंचे बालपण मुंबईचे. आजूबाजूला हिंदू आणि मुसलमान, शाळा एक ख्रिस्ती तर एक पारशी, आणि घर ज्यू. घरी शब्बाथाला तेलाचे दिवे लागत. प्रार्थनामंदिरात मखमलीत आणि चांदीत मढवलेल्या तोराच्या गुंडाळ्या. एका बाजूने आप्त इस्रायलला आणि अमेरिकेला निघून जात होते. आईवडील मात्र इथेच राहिले. पुढे त्या स्वतः अमेरिकेत गेल्या, तेव्हा तिथल्या ज्यू लोकांना ही सावळी, भारतीय बाई ज्यू कशी, हा प्रश्न पडला. भारतीयांना पडला तो उलटा. अशा प्रश्नांना तोंडाने किती वेळा उत्तर द्यायचे? त्यांनी ते रंगाने दिले. त्यांच्या चित्रांतल्या स्त्रियांची कातडी निळी असते. निळा रंग आकाशाचा आणि समुद्राचा. तो कुणा एका देशाचा नव्हे. आपल्याला त्यात कृष्णही दिसतो, आणि तो दिसावा अशीच योजना आहे.

त्यांची पद्धत लघुचित्रांची. मुघल आणि फारसी दरबारांतली लघुचित्रे, बायझंटाइन संतचित्रे, मध्ययुगातली हिब्रू आणि ख्रिस्ती सुशोभित हस्तलिखिते, या सगळ्यांचा अभ्यास त्यामागे आहे. अपारदर्शक जलरंग आणि वर सोन्याचा वर्ख. 'घराचा शोध' मालिकेतले २००० सालचे एक चित्र 'तिक्कुन हाओलाम' या नावाचे आहे. तिक्कुन हाओलाम म्हणजे मोडलेल्या जगाची डागडुजी. ज्यू विचारातली ही फार मोठी कल्पना. चित्रात एक निळी स्त्री आहे आणि तिला सात हात आहेत. ज्यूंच्या प्राचीन मंदिरातल्या दिव्याला सात शाखा होत्या; त्या इथे सात हात झाल्या. आपण पाहतो तेव्हा आपल्याला देवी दिसते. ज्यू माणूस पाहतो तेव्हा त्याला दीपवृक्ष दिसतो. दोघेही बरोबर. ज्यू परंपरेतल्या लिलिथ, सारा, हागार, वश्ती अशा स्त्रियाही त्यांनी पुन्हा रंगवल्या आहेत. आणि आजची युद्धे, आजचे निर्वासित त्यांच्या भोवती येतात.

२०१० साली त्यांनी 'एस्तेर'च्या ग्रंथाची सचित्र गुंडाळी केली. पुरीमला, म्हणजे कोकणातल्या त्या 'होळीच्या सणाला', हा ग्रंथ मोठ्याने वाचतात. एस्तेर ही अनाथ मुलगी राणी होते, आपण कोण हे लपवून ठेवते, आणि वेळ आली तेव्हा जीव धोक्यात घालून ते सांगते. या ग्रंथाची दोन वैशिष्ट्ये तुम्ही ध्यानात ठेवा. एक, त्यात देवाचे नाव एकदाही येत नाही. दुसरे, त्यात हिंदुस्थानचे नाव पहिल्याच वाक्यात येते. राजाचा अंमल 'होदू'पासून कूशपर्यंत होता, असे तिथे म्हटले आहे. होदू म्हणजे हिंदुस्थान, सिंधू नदीवरून पडलेले नाव. हे, दालेत, वाव, अवघी तीन अक्षरे. ज्या ग्रंथात आपला देश लिहिला आहे तो ग्रंथ मुंबईत जन्मलेल्या एका बेने इस्रायल बाईने सोन्याने मढवावा, यात एक औचित्य आहे.

त्यानंतर त्या फुलब्राइट शिष्यवृत्ती घेऊन भारतात आल्या. इथे उरलेल्या ज्यू स्त्री-पुरुषांना त्या भेटल्या, त्यांच्या गोष्टी ऐकल्या, छायाचित्रे घेतली, आणि त्या छायाचित्रांवर व भोवती नक्षी आणि सोने चढवले. म्हाताऱ्या माणसाचा साधा चेहरा आणि त्याच्याभोवती हस्तलिखितासारखी वेलबुट्टी. २०१३ साली मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ही चित्रे लागली. पुढे दुसरी फुलब्राइट घेऊन त्या इस्रायलला गेल्या आणि तिकडे जाऊन वसलेल्या भारतीय ज्यूंवर त्यांनी असेच काम केले. जी कला पूर्वी फक्त ग्रंथातल्या अक्षरासाठी राखून ठेवली होती, ती त्यांनी माणसाच्या चेहऱ्याला दिली. माझ्या मते त्यांच्या कामाचे मर्म इथे आहे. अक्षर जसे एकही गळता कामा नये, तसे माणूसही गळता कामा नये.

आणि माणसे गळत आहेत, हे खरेच आहे. १९४८ च्या सुमारास भारतात बेने इस्रायल सुमारे वीस हजार होते. त्यानंतर बहुसंख्य इस्रायलला गेले. त्यांना इथून कुणी हाकलले नाही. दोन हजार वर्षांत या देशात ज्यूंचा छळ झाला नाही, हे ते स्वतःच सांगतात. गेले ते श्रद्धेने आणि पोटासाठी. तिकडे गेल्यावर मात्र काही धर्मगुरूंनी यांच्या ज्यूपणाबद्दलच शंका काढली. लग्ने अडली, आंदोलने झाली, आणि १९६४ साली तिथल्या सरकारला जाहीर करावे लागले की हे लोक सर्व दृष्टींनी ज्यूच आहेत. अक्षरांवाचून ज्यांनी धर्म राखला, त्यांच्याकडे कागद मागितला गेला! तिकडेही त्यांनी मराठी सोडली नाही. 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी इस्रायलमध्ये चालवले. भारतात आज उरले आहेत चार-पाच हजार, बहुतेक मुंबई-ठाण्याकडे. २०१६ साली महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक समाज म्हणून मान्यता दिली.

माणसे गेली, पण अक्षरे राहिली. रायगड जिल्ह्यातल्या जुन्या दफनभूमींत दगड उभे आहेत. काहींवर हिब्रू आणि मराठी दोन्ही. एका बाजूने उजवीकडून डावीकडे, दुसऱ्या बाजूने डावीकडून उजवीकडे, आणि दोन्ही ओळी एकाच माणसाच्या नावापाशी येतात. हिब्रू आपल्याला वाचता येणार नाही. मराठी तर येते! नाशिकच्या माणसाला लिहिलेल्या नावाची किंमत सांगायला नको. पंचवटीतल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत लांबलांबची कुटुंबे आपल्या पणजोबांचे नाव शोधायला येतात आणि सापडले की त्यांचे डोळे भरून येतात. त्याच वह्यांत मोडीतली जुनी पाने आली की नातवंडे अडतात, उपाध्यायांकडे पाहतात. लिपी गेली की घरातला कागद घरातच परका होतो, हे आपण आपल्या डोळ्यांनी पाहतो आहोत. बेने इस्रायलांनी हरवलेली लिपी कष्टाने परत मिळवली. आपल्याला आपलीच मोडी अजून मिळवता येईल. शिकवणारे आहेत, पुस्तके आहेत.

तेव्हा अलिबागला समुद्र पाहायला जाल, तेव्हा तिथल्या इस्रायल आळीतून एक फेरी मारा. १८४८ साली स्थापन झालेले 'मागेन आबोथ' हे प्रार्थनामंदिर तिथे आहे. परवानगी विचारून, डोके झाकून आत जा. भिंतीवरची अक्षरे पाहा. वर छप्पर, खाली जमीन, डावी बाजू उघडी असे एखादे अक्षर त्यात दिसेल. ते बेत. तेवढे एक अक्षर तुम्हाला आता वाचता येते.